छोटा हाथी, नॅनो आणि व्हिजनचं एक पान

प्रॉडक्टचं व्हिजन लिहायला बसलं की बहुतेक टीम्स स्वतःबद्दलच लिहितात. आम्ही या क्षेत्रात एक नंबर होणार, आम्ही सगळ्यात सोपा प्लॅटफॉर्म देणार, आम्ही एआय वापरून सगळा धंदाच बदलून टाकणार. अशी बरीच पानं मी वाचलीत, लिहिणारी मंडळी हुशार असतात, त्यांनी मेहनतही घेतलेली असते, पण वाचून झाल्यावर डोळ्यासमोर एक माणूस उभा राहत नाही. कुणाचा आजचा दिवस कसा जातोय आणि आपलं प्रॉडक्ट आल्यावर तो कसा जाईल हे त्यात कुठेच सापडत नाही. मग त्याच्याखाली स्ट्रॅटेजी म्हणून जे येतं ती फीचर्सची लांबलचक यादी असते आणि त्यात सगळंच करायचं असतं, कारण कुणासाठी करायचंय हेच पक्कं नसेल तर नाही म्हणायचं तरी कशाच्या जोरावर?

आमच्याकडे नवीन आलेल्या पोरापोरींना हे समजावून सांगायचं असतं तेव्हा मी मोबाईल ॲपची उदाहरणं बाजूला ठेवते आणि टाटा एसबद्दल बोलते. आपला छोटा हाथी. पुण्यात राहणाऱ्याला रोज दिसणारी गाडी आहे, घर शिफ्ट करताना, मंडपवाल्याकडे, पाण्याच्या जारवाल्याकडे, गणपतीत तर विचारूच नका. इतकी रोजची आहे की ती कुणीतरी बसून विचार करून ठरवली होती हेच आपण विसरून जातो.

तर सन २०००-०१ मध्ये टाटा मोटर्सला (तेव्हा नाव टेल्को होतं, टाटा मोटर्स हे नाव २००३ मध्ये आलं) ५०० कोटींचा तोटा झाला. एवढी जुनी कंपनी आणि तोटा पहिल्यांदाच. कारण मोठ्या ट्रकचा धंदा हा देशाच्या अर्थव्यवस्थेबरोबर वरखाली होतो, मंदी आली की ट्रान्सपोर्टवाले नवीन ट्रक घ्यायचं सरळ पुढे ढकलतात, जुन्याच गाडीची दोन वर्षं अजून काढतात. कमर्शियल गाड्यांचा धंदा तेव्हा रवी कांत बघत होते. कंपनीचा सगळ्यात छोटा ट्रक म्हणजे ४०७, तो १९८६ पासूनचा. त्याच्या खाली २०७ ही पिकअप सोडली तर काहीच नाही. आणि त्या खालच्या जागेत तीनचाकी टेम्पो आणि मालवाहू रिक्षांचं राज्य होतं, बजाज, पियाजिओ, फोर्स. पियाजिओची ॲपे तर आपल्या बारामतीत बनते.

या खालच्या जागेसाठी गाडी करायचं काम दिलं गिरीश वाघ यांना. तेव्हा ते तिशीतले इंजिनिअर होते, पुढे जाऊन कंपनीच्या सगळ्या कमर्शियल गाड्यांचे प्रमुख झाले. टीमनं सुरुवात केली ती तीनचाकी चालवणाऱ्यांना भेटण्यापासून, आणि या भेटींमधला एक किस्सा कंपनीच्या लोकांनी नंतर बऱ्याच ठिकाणी सांगितलाय. एका तीनचाकीवाल्याला विचारलं की बाबा तुला चारचाकी कशाला हवीय, तुझं काम तर यात होतंय. तर त्याचं म्हणणं साधारण असं की चारचाकी असली तर गावात माझ्या लग्नाचं बघायला सोपं जाईल.

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. प्रश्न गाडीबद्दल होता आणि उत्तर आलं आयुष्याबद्दल. सर्व्हेचा फॉर्म असता तर त्यानं "किंमत कमी हवी, ॲव्हरेज जास्त हवं" यावर टिक केली असती, आणि ते खोटंही नसतं. पण तेवढंच ऐकून काम केलं असतं तर टाटांनी अजून एक स्वस्त तीनचाकी काढली असती, आणि तिथे आधीपासून मुरलेल्या कंपन्यांशी किमतीवरून मारामारी करत बसावं लागलं असतं.

आता त्या माणसाचा दिवस डोळ्यासमोर आणा. समजा तो सासवडच्या बाजूचा आहे, पुरंदरचा वाटाणा किंवा अंजीर घेऊन पहाटे निघतो, दिवे घाट उतरतो, हडपसरवरून गुलटेकडीला मार्केट यार्डात माल टाकतो आणि परत येताना किराण्याचा माल मिळाला तर तो घेऊन घाट चढतो. तीनचाकीत पुढे एकच चाक, घाटातल्या वळणावर माल जास्त असला की गाडी एका बाजूला जाईल की काय अशी धाकधूक, हायवेला मोठा ट्रक शेजारून गेला की हादरा बसतो, पावसात दोन्ही बाजूंनी पाणी आत येतं. वेग बेताचा, त्यामुळे लांबचं भाडं घेता येत नाही, दिवसात एकच फेरी होते. आणि मोठा ट्रक त्याला परवडत नाही, परवडला तरी रविवार पेठेत, बोहरी आळीत तो जाणार कुठून, शिवाय दिवसा शहरात जड गाड्यांना बंदी. म्हणजे हा माणूस दोन गाड्यांच्या मधल्या फटीत अडकलेला होता आणि ही फट दिवसेंदिवस मोठी होत होती.

मोठी का होत होती हेही समजून घेण्यासारखं आहे, कारण स्ट्रॅटेजीतला हा भाग लोक नेहमी गाळतात. त्याच सुमारास सुवर्ण चतुष्कोनाचं काम सुरू झालं होतं, दिल्ली-मुंबई-चेन्नई-कोलकाता, ५,८४६ किलोमीटर. असे चांगले रस्ते झाले की लांब पल्ल्याला अजून मोठे ट्रक परवडायला लागतात. ट्रक जितका मोठा तितका तो शहराच्या बाहेर थांबणार, म्हणजे शहराच्या बाहेरच्या गोडाऊनपासून पेठेतल्या दुकानापर्यंत माल न्यायला छोटी गाडी लागणारच. हे त्या तीनचाकीवाल्यानं सांगितलेलं नव्हतं, त्याला ते दिसणारही नव्हतं. ते टीमनं स्वतः बघायचं असतं. माणूस काय म्हणतोय ते एका कानानं ऐकायचं आणि जग कुठे चाललंय ते दुसऱ्या, या दोन्ही गोष्टी जिथे जुळतात तिथे प्रॉडक्टला जागा असते.

मे २००५ मध्ये एस बाजारात आली, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. तीनचाकीपेक्षा महाग, ४०७ पेक्षा कितीतरी स्वस्त. आणि आता मला जे सगळ्यात जास्त आवडतं ते, गाडीत काय काय होतं आणि काय काय नव्हतं.

इंजिन ७०२ सीसीचं, दोन सिलिंडर, डिझेल. हे आलं कुठून? टाटांच्याच इंडिका कारचं डिझेल इंजिन होतं १४०५ सीसीचं, चार सिलिंडरचं. त्याचं अर्धं केलं. सरळ अर्धं! इंडिका १९९८ मध्ये आली होती, तिच्यावर कंपनीनं भरपूर पैसा आणि अक्कल घातली होती, तर तिथलं जे जे घेता येईल ते घेतलं. आता दोन सिलिंडरचं डिझेल म्हटल्यावर आवाज आणि थरथर चार सिलिंडरपेक्षा जास्त असणारच, कुठल्याही इंजिनिअरला ते खटकणारच. पण पहाटे वाटाणा घेऊन निघालेल्या माणसाला थरथरीपेक्षा डिझेलचा खर्च मोठा. ताकद १६ हॉर्सपॉवर, वेग साधारण ताशी ६०-६५. आजच्या कारच्या हिशोबानं काहीच नाही, पण त्याच्या तीनचाकीपेक्षा जास्त आणि त्याच्या रस्त्यांना पुरेसा.

चाकं छोटी, १२ इंची. त्यामुळे मागचा हौदा खाली येतो आणि माल चढवायला उतरवायला सोपं जातं, हमाल नसेल तरी एकट्याला क्रेट ढकलता येतो. वळायला सव्वाचार मीटरच्या आसपासची त्रिज्या, म्हणजे पेठेतल्या गल्लीत फिरवता येते. पुढे मागे दोन्हीकडे ट्रकसारखे पाटे (लीफ स्प्रिंग), कारण कागदावर क्षमता पाऊण टन असली तरी आपले लोक त्यात किती भरतात हे कुणाला सांगायला नको आणि टीमलाही ते पक्कं माहीत असणार. पॉवर स्टिअरिंग नाही, एसीचा तर प्रश्नच नाही. केबिन मात्र पूर्ण, दरवाजे, काचा, वायपर, समोरून बघितलं तर एका खऱ्या ट्रकचा चेहरा.

हा चेहरा का ठेवला? पैसे वाचवायचेच होते तर दरवाजे काढून टाकून ताडपत्री लावता आली असती, तीनचाकीत तेच तर होतं. पण मग लग्नाचं काय? त्या एका उत्तरामुळे काय कापायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे ठरलं असं मी ही गाडी बघून म्हणते. स्ट्रॅटेजी म्हणजे माझ्या दृष्टीनं हीच, कापायला काय हरकत नाही आणि कुठे कात्री लावायची नाही याचं कारणासकट उत्तर. वेग कापला, आराम कापला, सिलिंडर कापले. चार चाकं, बंद केबिन, मजबुती, कमी खर्च याला हात लावला नाही.

आणखी एक गोष्ट, ती म्हणजे हे टाटाच का करू शकले. तीनचाकीवाल्या बहुतेक कंपन्यांकडे ट्रक बनवायचा अनुभव नव्हता, ट्रकवाल्या बाकीच्या कंपन्यांकडे असं छोटं डिझेल इंजिन तयार पडलेलं नव्हतं. टाटांकडे एका हातात ४०७ मुळे आलेला विश्वास आणि दुसऱ्या हातात इंडिकाचे पार्ट्स. महिंद्राची मॅक्सिमो यायला २०१० उजाडलं, अशोक लेलँडचं दोस्त २०११, मारुतीची सुपर कॅरी तर २०१६. पाच वर्षं जवळजवळ मोकळं मैदान मिळालं. स्ट्रॅटेजीच्या पानावर "हे आपणच का" याला एक ओळ हवी म्हणून मी भांडते ती यासाठी. "आमची टीम भारी आहे" हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, समोरच्याचीही टीम भारीच असते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या दोनेक वर्षांतच लाखभर गाड्या गेल्या, पुण्यात बनवून पुरेना म्हणून उत्तराखंडात पंतनगरला वेगळा कारखाना काढला, माणसं नेणारी मॅजिक आली, आणि २०१७ पर्यंत या कुटुंबातल्या २० लाख गाड्या विकल्या गेल्या.

आता मी पोरांना एक व्यायाम देते. एसचं व्हिजन आणि स्ट्रॅटेजी एका पानात लिहा, जणू आपण २००१ मध्ये बसलोय. कंपनीनं तेव्हा नक्की काय लिहिलं होतं त्याच्याशी आपल्याला घेणं नाही, आपलं आपण लिहायचं. माझं स्वतःचं पान साधारण असं आहे:

"तीनचाकीवर पोट असलेला माणूस स्वतःच्या मालकीच्या चारचाकीत बसेल, घाटात आणि हायवेला न घाबरता गाडी चालवेल, आज एक फेरी करतो तिथे दोन करेल आणि गावात त्याला गाडीमालक म्हणून ओळखतील. मोठे ट्रक शहराबाहेर थांबत जाणार आहेत, त्यामुळे त्याचं काम वाढणार आहे. आपण त्याला तीनचाकीपेक्षा महाग पण कर्जाचा हप्ता दुसऱ्या फेरीतून सुटेल अशी गाडी देऊ. इंडिकाचं जे वापरता येईल ते वापरू. लांब पल्ला आपला नाही. कारसारखा आराम आपला नाही. दोन टनांच्या वरचा गिऱ्हाईक ४०७ कडे जाईल, त्याच्यासाठी ही गाडी मोठी करणार नाही. जर दोन फेऱ्यांचं गणित जमलं नाही तर हे सगळंच चुकलं."

शेवटचं वाक्य बघा. ते वाक्य ज्या पानावर नसतं त्या पानावर माझा विश्वास बसत नाही. आपण कशावर पैज लावतोय, ते खोटं ठरलं तर काय कोसळेल, हे आधीच लिहून ठेवलं की सहा महिन्यांनी मीटिंगमध्ये आवाज चढवायची वेळ येत नाही. फेऱ्या वाढल्या का? जा आणि दहा ड्रायव्हरना विचारा.

हे झालं की नॅनोवर बोलायचं. मला नॅनोबद्दल बोलताना आजही वाईट वाटतं, कारण त्या गाडीमागची भावना खरी होती. रतन टाटांनी पावसात स्कूटरवर चौघांचं कुटुंब जाताना पाहिलं, नवरा चालवतोय, पुढे एक मूल उभं, मागे बायको आणि तिच्या मांडीवर दुसरं, आणि यांना सुरक्षित गाडी मिळायला पाहिजे असं त्यांना वाटलं. व्हिजन म्हणून याहून चांगलं काय असू शकतं! माणूस आहे, त्याचा आजचा त्रास आहे, उद्या काय बदलेल ते आहे. गाडी करणाऱ्या टीमचे प्रमुखही गिरीश वाघच.

पण २००३ मध्ये जिनिव्हाला एका पत्रकाराशी बोलताना एक लाख रुपये किमतीचा आकडा बाहेर पडला, आणि तिथून पुढे सगळं जग त्या आकड्याबद्दल बोलायला लागलं. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी दाखवली तेव्हा दिलेला शब्द पाळला हीच बातमी होती. शब्द पाळणं ही मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. फक्त झालं असं की स्कूटरवरचं कुटुंब हळूहळू मागे गेलं आणि "जगातली सगळ्यात स्वस्त कार" हे पुढे आलं. मग पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला कारखान्याच्या जमिनीवरून झालेलं आंदोलन, ऑक्टोबर २००८ मध्ये तिथून बाहेर पडणं, गुजरातेत साणंदला नवा कारखाना, जो २०१० मध्ये सुरू झाला, वर्षाला अडीच लाख गाड्या बनवायची ताकद असलेला. बुकिंग दोन लाखांच्या वर आलं होतं पण सगळ्यांना गाडी वेळेत देता आली नाही. काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. सगळ्यात चांगलं वर्ष २०११-१२ चं, त्यातही विक्री ७५ हजारांच्या आत, आणि २०१८ च्या जूनमध्ये महिन्याभरात एक गाडी बनली. एक.

सिंगूर झालं नसतं तर चित्र वेगळं असतं का? थोडं असतं, मला तसं वाटतं, कारण पहिली दोन वर्षं कुठल्याही प्रॉडक्टला फार महत्त्वाची असतात आणि नेमकी तीच गेली. पण मूळ दुखणं तेवढंच नव्हतं. रतन टाटांनी स्वतः नंतर बोलून दाखवलं की ती परवडणारी गाडी म्हणून पुढे यायला हवी होती, सगळ्यात स्वस्त गाडी अशी तिची ओळख झाली हे दुर्दैव.

आणि इथे मला त्या तीनचाकीवाल्याची आठवण होते, कारण दोन्ही गाड्यांच्या गिऱ्हाईकाच्या मनात एकच गोष्ट होती. तीनचाकीवाल्याला चारचाकीनं मान मिळणार होता आणि स्कूटरवाल्यालाही चारचाकीनं मानच हवा होता. आपल्याकडे घरात पहिली गाडी येते तेव्हा काय होतं आठवा, शोरूमपासून थेट देवळात, हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सोसायटीत पेढे. त्या क्षणाला शेजारच्या काकांनी "अरे वा, ती एक लाखवाली का?" म्हटलं की पेढ्याची चवच जाते. मग माणूस हिशोब करतो की अजून थोडे पैसे घालून सेकंडहँड अल्टो किंवा मारुती ८०० घेतलेली काय वाईट, गाडी जुनी असली तरी तिला कुणी गरिबांची गाडी म्हणत नाही. एसच्या टीमनं मान जपला आणि आराम कापला. नॅनोत पावसापासून बचाव झाला, कुटुंब सुरक्षित झालं, इंजिनिअरिंग तर कौतुक करावं तेवढं थोडं होतं, पण मान त्या आकड्याखाली दबून गेला.

म्हणून आमच्या टीमला मी सांगते की आकडा व्हिजनमध्ये येऊ द्यायचा नाही. किंमत, युजरची संख्या, रेव्हेन्यू, किती सेकंदात स्क्रीन उघडतो, हे सगळं स्ट्रॅटेजीत लिहा, तिथे ते बदलता येतं. व्हिजनमध्ये आकडा शिरला की सगळेजण त्याच्या मागे धावायला लागतात आणि तो कशासाठी ठेवला होता हे विचारायचं राहून जातं. शिवाय बाहेर एकदा बोललेला आकडा मागे घेता येत नाही.

हे सगळं गाड्यांचं झालं, मी स्वतः गाड्या बनवत नाही. आमचं सॉफ्टवेअर औषधांच्या होलसेलर्ससाठी आहे, बिलिंग आणि स्टॉक. ज्यांना या धंद्याची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. होलसेलरच्या काउंटरवर दिवसभर मेडिकलवाल्यांचे फोन आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डरी येत असतात, प्रत्येक औषधाची बॅच वेगळी, एक्सपायरी वेगळी, १० वर १ फ्री अशा स्कीम, त्या कंपनीनुसार आणि महिन्यानुसार बदलणार, वर मेडिकलवाल्यांची उधारी. आणि सगळ्यात डोकेदुखी म्हणजे एक्सपायरीचा माल. मेडिकलवाला तो होलसेलरकडे परत पाठवतो, होलसेलर कंपनीकडे पाठवतो, कंपनी क्रेडिट नोट देते, पण त्यासाठी मुदत असते, कागद असतात, आणि ती मुदत चुकली की नुकसान होलसेलरच्या खिशातून.

आम्ही व्हिजन लिहायच्या आधी काउंटरच्या मागे जाऊन बसलो. स्टूल टाकून, दिवस दिवस, वही घेऊन, प्रश्न कमीत कमी विचारून. तिथे मला दिसलं की मालक ज्या तक्रारी सांगतात (रिपोर्ट चांगले नाहीत, मोबाईलवर सेल दिसत नाही) त्या खऱ्या असल्या तरी रात्री नऊनंतर दुकानात जे थांबतात ते काउंटरवरचे दादा, एक्सपायरीचे खोके उपसत, एकेका स्ट्रिपवरची बॅच डोळे बारीक करून वाचत आणि वहीत लिहीत. त्यातल्या एकानं काम करता करता सहज सांगितलं की मुलगी दहावीला आहे, तिचा अभ्यास घ्यायचा म्हणतो पण मी पोचेपर्यंत ती झोपलेली असते.

आमच्या पानाची पहिली ओळ मग तीच झाली. काउंटरवरचा माणूस साडेआठला शटर ओढून घरी जाईल आणि एक्सपायरीत अडकून मालकाचा एकही रुपया बुडणार नाही. बस, एवढंच. यात आमच्या कंपनीचं नाव नाही, टेक्नॉलॉजीचं नाव नाही.

या एका ओळीनं किती कामं आपोआप बाजूला गेली सांगते. रिटेल मेडिकल स्टोअर आम्ही घ्यायचे नाहीत असं ठरलं, सेल्सच्या लोकांना ते आवडलं नाही कारण दुकानांची संख्या तिथे कितीतरी मोठी आहे आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी रास्तच होतं. पण रिटेलवाल्याचा दिवस वेगळा, त्याचा त्रास वेगळा, त्याच्यासाठी काउंटरची स्क्रीन पूर्ण वेगळी लागते. मालकासाठीचा देखणा डॅशबोर्ड दुसऱ्या वर्षावर गेला. स्ट्रिपचा फोटो काढून बॅच वाचायचं काम सगळ्यात आधी आलं, ते अवघड होतं, चकचकीत फॉईलवर छापलेले बारीक आकडे कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत, त्यात महिने गेले आणि मधे दोनदा ते सोडून द्यावं असं बोलणं झालं. पानावर ती ओळ नसती तर नक्की सोडलं असतं, कारण डेमोत त्यापेक्षा डॅशबोर्ड कितीतरी भारी दिसतो.

पान कुणी लिहायचं यावरही माझं मत पक्कं आहे. एकानं लिहायचं. ग्रुपनं एकत्र बसून भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावून वाक्य बनवलं की प्रत्येकाचा एकेक शब्द त्यात येतो आणि शेवटी असं काहीतरी तयार होतं ज्याला कुणाचाच विरोध नसतो. विरोध नसलेलं वाक्य काही ठरवत नाही. एकानं लिहावं, सगळ्यांनी फाडावं, त्यानं परत लिहावं. फाडायला सपोर्टची माणसं आवर्जून बोलवा, गिऱ्हाईकाचं बोलणं रोज त्यांच्याच कानावर पडतं, आणि आपल्याकडे त्यांना अशा मीटिंगला बोलवायची पद्धतच नाही याची मला फार खंत वाटते. आमच्या पानावर "रुपया बुडणार नाही" हे सपोर्टच्या मुलीनं घालायला लावलं, ती म्हणाली ताई, दादा घरी लवकर गेले तर मालकाला काय फरक पडतो, चेक तर मालक फाडणार ना. बरोबर होतं तिचं. वापरणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असला की दोघांचंही पानावर यायला लागतं. एसमध्ये ड्रायव्हर आणि मालक बहुतेक वेळा एकच होता, त्यामुळे त्यांना ही अडचण आली नसावी.

आणि हे पान कायमचं नसतं. आता एसचंच बघा, २०२२ मध्ये तिची इलेक्ट्रिक गाडी आली, २०२५ मध्ये एस प्रो आली, आली तेव्हा चार लाखांच्या किंचित खाली सुरू होत होती, पेट्रोल, सीएनजी आणि इलेक्ट्रिकमध्ये. ज्या डिझेल इंजिनाच्या जिवावर सगळं उभं राहिलं तेच प्रोमध्ये नाही! पण गिऱ्हाईक बघाल तर अजूनही तोच, तीनचाकीवरून चार चाकांवर जाऊ बघणारा. वीस वर्षांत स्ट्रॅटेजी जवळजवळ पूर्ण बदलली, ज्याच्यासाठी करायचं तो माणूस तसाच राहिला. फक्त त्याचा दिवस बदललाय, आता त्याच्या हातात फोन आहे, भाडं ॲपवर येतं, मार्केट यार्डाइतकीच ऑनलाइन शॉपिंगची खोकी वाहतो, आणि ॲपवाले कमिशन कापतात. त्याच्या लग्नाचं आज काय आहे, त्याला काय झालं म्हणजे गावात मान मिळेल, हे पुन्हा कुणीतरी जाऊन विचारायला हवंय.

आमच्याकडेही हीच वेळ आलीय. बॅच वाचायचं काम आता चांगलं चालतं, बरीच दुकानं साडेआठला बंद होतात, आणि काउंटरवरच्या दादांचा दिवस आता दुसऱ्याच गोष्टीत अडकतो, मेडिकलवाल्यांच्या व्हॉइस मेसेजवरच्या ऑर्डरी ऐकून टाइप करण्यात. त्यामुळे पुढच्या महिन्यात आम्ही परत स्टूल घेऊन बसणार आहोत, यावेळी नाशिक आणि सोलापूरला, कारण पुण्याबाहेर उधारीचं गणित फार वेगळं असतं असं सपोर्टवाले सांगतायत. तुमच्यापैकी कुणाच्या घरात औषधांचा होलसेल असेल आणि दिवसभर एका कोपऱ्यात बसू देणार असाल तर कमेंटमध्ये नक्की कळवा, चहा आमच्याकडून.